स्विफ्ट, ट्रॅक आणि फाटलेला डावा टायर: आधी टायर घेऊ की स्प्रिंग?

हिंगणा_स्विफ्ट

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल, ७१ हजार किलोमीटर झालेली. एअर फिल्टर सोडलं तर सगळं कंपनीचं. टायर १८५/६५ आर १५, साधे, मायलेजवाले.

फेब्रुवारीत पहिल्यांदा ट्रॅक डे केला, म्हणजे स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवली, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला. नागपुरात ट्रॅक नाही, त्यामुळे एन.एच. ४४ धरून हैदराबादला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढे. जवळपास अकराशे किलोमीटर एका बाजूला. २० मिनिटांची चार सेशन झाली. मजा किती आली ते लिहीत बसत नाही, इथल्या लोकांना माहीत आहे.

प्रॉब्लेम असा की तिसऱ्या सेशननंतर डाव्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा बेसनाच्या लाडवासारखा भुरभुरायला लागला. फोटो टाकला आहे. आतली बाजू अजून नव्यासारखी. वळणात गाडी इतकी झुकते की शेजारी बसलेला मित्र दाराचं हँडल दोन हातांनी धरून होता. आणि वळणाच्या मध्यात स्टेअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच जायला बघते.

परत आल्यावर इथल्या एका दुकानात दाखवलं. त्यांचं म्हणणं: ४० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाका, १९५/५० चे टायर टाका, विषय संपला. माझं बजेट साठ हजार. गाडी रोज मिहानला ऑफिसला जाते, वर्धा रोडने. आईला आत्ताच उतरताना त्रास होतो, तिचं म्हणणं गाडी आधीच जमिनीला टेकली आहे.

टायर आणि स्प्रिंग एकदमच करू की आधी एक? आणि एक केलं तर दुसरं करावंच लागतं का?

वर्धारोड_९०

साठ हजारात अजून दोनदा ट्रॅकवर जाऊन येशील, पेट्रोलसकट. फाटू दे टायर.

खडूवाले_काका

राजा, आधी हे सांग, हवा किती होती? आणि कशी मोजली, गाडी थंड असताना की सेशनहून आल्या आल्या?

हिंगणा_स्विफ्ट

काका, स्टिकरवर जेवढी लिहिली आहे तेवढी होती आधी. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे) एकानं सांगितलं की ट्रॅकवर हवा कमी करतात, ग्रिप वाढते. म्हणून सकाळी थंड असतानाच २६ पीएसआय केली. नंतर मोजली नाही.

खडूवाले_काका

हं. मले वाटलंच.

ग्रेट नाग रोडवर तीस वर्षं झाली अलाइनमेंटचं काम करून राहिलो, त्यामुळे लोकांचे चेहरे नंतर पाहतो, टायर आधी. तुझ्या फोटोत दोन गोष्टी दिसतात. एक, बाहेरचा खांदा तर गेलाच, पण झीज खांद्याच्या खाली, साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, छोटा त्रिकोण असतो ना, त्याच्याही खाली गेली आहे. म्हणजे वळणात टायर गोटीवर, रस्त्याले टेकणाऱ्या नक्षीवर, चाललाच नाही, कुशीवर चालला. दोन, उजव्याचं तसं नाही. ते साहजिक आहे, चेन्नईचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं फिरतो, वळणं उजवीकडची जास्त, अन् गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकावर पडतं.

ज्यानं तुले हवा कमी करायला सांगितलं त्याचं चुकलं नाही, पण तो स्वतःच्या टायरचं बोलत होता. त्याच्याकडे बहुतेक कडक साइडवॉलचे, ट्रॅकचे टायर असतील. तुझा ६५ चा टायर म्हणजे साइडवॉल रुंदीच्या ६५ टक्के, बारा सेंटीमीटर उंच, अन् आतून मऊ, काहून की तो खड्ड्यात आराम द्यायला बनवला आहे. त्याची हवा काढली की तो उभाच राहत नाही. ज्याचा पाय बाहेर पडतो त्याची चप्पल एका कडेनं झिजते, तसं.

आता हवेचा हिशेब, हा एकदा समजून घे, आयुष्यभर पुरेल. टायर गरम झाला की हवा फुगते, दर सात अंशांना साधारण एक पीएसआय. सकाळी २५ अंशाला २८ भरली अन् टायरमधली हवा ७० अंशावर गेली तर काटा साडेचौतीस दाखवतो. म्हणून ट्रॅकवाले थंड आकडा विचारत नाहीत, गरम विचारतात. तुझ्या आत्ताच्या टायरले मी गरम ३८ च्या खाली जाऊ दिलं नसतं. कडक टायर घेतला तर गरम ३३-३५ पासून सुरुवात करायची. पण हे आकडे माझे, तुझे नाहीत. तुझे तुले खडू सांगेल.

खडू म्हणजे शाळेतलाच. सेशनच्या आधी गोटीच्या कडेपासून साइडवॉलवर दोन बोटं खाली, चार जागी आडवी रेघ मारायची. परत आल्यावर पाहायचं रेघ कुठपर्यंत पुसली. त्रिकोणापर्यंत पुसली तर बरोबर. त्याच्या खाली गेली तर दोन पीएसआय वाढव. त्रिकोणापर्यंत पोहोचलीच नाही तर एक-दोन काढ. पाच रुपयांत होते अन् मशीनपेक्षा खरं सांगते.

अन् तो नायट्रोजनवाला भेटला तर त्याले विचार, नायट्रोजन गरम झाला की फुगत नाही का? फुगतो. तेवढाच फुगतो. फायदा इतकाच की त्यात ओल नसते, अन् आपल्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साचलेलं असतं.

स्प्रिंगचं नंतर सांगतो, दुकानात गिऱ्हाईक आलं.

लाल_आय१०

मी पोटतिडकीनं सांगते, दुकानदाराचं १९५/५० ऐकू नकोस. काकांनी मापाचं काढलं नाही अजून, म्हणून मी काढते. तुझा आताचा टायर उभा ६२१ मिलिमीटर आहे. १९५/५० आर १५ उभा ५७६. म्हणजे नुसत्या टायरनंच गाडी २२ मिलिमीटर खाली बसली, वर ४० ची स्प्रिंग. आईंना उतरवायला माणूस ठेवावा लागेल. शिवाय स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी ९३ ला असेल आणि चेन्नईच्या वारीत ओडोमीटर फुकटचे किलोमीटर मोजत बसेल. १९५/५५ घेतलास तर उंची ५९५, फरक सव्वाचार टक्के, तेरा मिलिमीटर. गिअर जरा आखूड होतो, त्या ८३ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ते बरंच आहे. मी हेच माप सुचवेन.

कोणता टायर? इथे बरेच लोक उडी मारून २०० ट्रेडवेअरवर (टायर किती टिकेल त्याचा साइडवॉलवरचा आकडा) जातात. तो आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० एक नसतो, पण अंदाज येतो: जितका कमी तितका चिकट आणि तितका लवकर संपणारा. ॲडव्हान एडी०८आर, नानकांग एनएस-२आर अशी नावं ऐकशील. चांगले टायर आहेत. पण जून २०२० पासून बाहेरच्या टायरची आयात सरकारनं निर्बंधात टाकली, मग कुणाकडे एखादा सेट निघतो तो कधीचा असतो देव जाणे. साइडवॉलवर आयएसआयचा शिक्का बघ आणि शेवटचे चार आकडे वाच. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये पडून राहिलेला पाच वर्षं जुना चिकट टायर म्हणजे चिकट नाही, लाकूड.

पहिल्या वर्षी ३०० च्या आसपासचा, रस्त्याचाच पण परफॉर्मन्सवाला टायर घे. तो सुटायला लागला की आधी ओरडतो, मग हळूहळू सोडतो. अति चिकट टायर गप्प बसतो आणि एकदम सोडतो. तू एकच ट्रॅक डे केला आहेस. तुला ओरडणारा टायर हवा.

मी स्वतः चार चाकांचा दुसरा सेट ठेवते. ४ बाय १०० चे (चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर) १५ इंची जुने अलॉय मिळतात, सरळ आहेत का ते बॅलन्सिंगवर फिरवून बघून घ्यायचे. मागची सीट पाडली की चारही मावतात, बॅग पुढच्या पायात. जाताना साध्या टायरवर जायचं, पॅडॉकमध्ये बदलायचे. वाटेत पाऊस लागला तर ट्रॅकच्या उथळ गोटीवर गाडी पाण्यावर तरंगते, हे मी आदिलाबादच्या पुढे एकदा बघितलं आहे, पुन्हा नको. टॉर्क रेंच विसरू नकोस आणि पहिल्या सेशननंतर नट पुन्हा तपास.

आणि ब्रेक ऑइल! कुणी काढलंच नाही. टायर चिकट झाला की तू उशिरा आणि जोरात ब्रेक मारणार, ती उष्णता कुठे जाणार? मारुतीत बहुतेक डॉट ३ ग्रेडचं ऑइल असतं, रिझर्व्हॉयरच्या झाकणावर लिहिलेलं असतं ते वाच. नव्या डॉट ३ ची उकळण्याची किमान हद्द २०५ अंश, पाणी शोषलं की १४०. डॉट ४ ची २३० आणि १५५. माझं दोन पावसाळे जुनं होतं. तिसऱ्या सेशनला सरळ रस्त्याच्या शेवटी पेडल थेट खाली गेलं. दोनदा पंप करून गाडी थांबली, मातीत. त्या दिवसानंतर मी टायरच्या आधी ब्रेक ऑइल बदलते.

अर्धवट_इंजिनिअर

मी कॉलेजात बाजाच्या (विद्यार्थ्यांनी गाडी बनवून पळवायची स्पर्धा) टीमवर होतो, पिथमपूरला दोनदा गाडी घेऊन गेलो, दोनदा मोडून आणली. तेवढ्या अधिकारानं स्प्रिंगचं गणित मांडतो.

स्विफ्ट साधारण पावणेनऊशे किलो, तू ७५ धर. साठ टक्के वजन पुढे. चाक, ब्रेक वगैरे वजा केलं तर पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगनं उचललेलं वजन २५५ किलोच्या आसपास. समजा चाकावर स्प्रिंग २० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे, तर गाडी सेकंदाला १.४ वेळा डोलते. घरगुती गाडीचं हे नेहमीचं. कॉइलओव्हरच्या (स्प्रिंग-शॉकअपच्या तयार सेटच्या) डब्यावर ‘४ किलो’ लिहिलेलं असतं, ते म्हणजे मिलिमीटरला ३९ न्यूटन, डोलणं जवळजवळ २ वर गेलं. ६ किलोची टाकली की २.४. ट्रॅकवर २.४ मस्त वाटतं, वर्धा रोडवर उड्डाणपुलाच्या प्रत्येक जोडावर मणका मोजता येतो.

पण खरी गोम शॉकअपमध्ये आहे. स्प्रिंग कडक झाली आणि शॉकअप जुनाच राहिला तर तो तिला आवरू शकत नाही. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर डॅम्पिंगचं प्रमाण साधारण १२ टक्के घटतं, वर तुझे शॉकअप ७१ हजारांचे. मग गाडी वळणात टायर जमिनीवर दाबून धरण्याऐवजी नाचवते. नाचणारा टायर ग्रिप देत नाही, कितीही महाग असो.

माझा प्रश्न काकांना: अंडरस्टिअरसाठी, म्हणजे वळणात गाडी सरळ निघते त्यासाठी, मागचा अँटिरोल बार (गाडीचं झुकणं रोखणारी आडवी दांडी) का नको? मागचा भाग कडक केला की पुढच्या बाहेरच्या चाकावरचा भार कमी होतो. स्वस्त पडेल.

खडूवाले_काका

चहा झाला. आता स्प्रिंग.

पोरानं गणित बरोबर मांडलं. मी त्यातलं एक डोळ्यानं दाखवतो. गाडी रॅम्पवर उभी असताना पुढचा लोअर आर्म, चाकाले खालून धरणारा दांडा, पाहा. चाकाकडे किंचित उतरता असतो. वळणात स्प्रिंग दबली की आर्म वर उठतो अन् टोकाच्या बॉल जॉइंटले बाहेर ढकलतो, चाकाचं डोकं आतल्या बाजूनं झुकतं, टायर सपाट बसतो. आता तू ४० मिलिमीटर खाली बसवली. आर्म आधीच आडवा झाला. त्याच्यावर दबला की बॉल जॉइंट आत ओढल्या जातो, चाक उलट बाहेर झुकतं, म्हणजे पुन्हा त्याच खांद्यावर. शिवाय रोल सेंटर, ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणून गाडी कडक स्प्रिंग असूनही झुकायची तेवढीच झुकते. अन् शॉकअपची दांडी आधीच अर्धी आत, बंपस्टॉप, म्हणजे शेवटी टेकणारं रबर, आता अगदी जवळ. मधल्या वळणात टेकला की पुढची बाजू एकदम दगड होते अन् गाडी सरळ निघते. तू ज्यासाठी पैसे घालून राहिला तेच वाढवून घेशील. दुकानात उभी गाडी मस्त दिसते, एवढं मात्र खरं.

टायर बदलला की सस्पेन्शन बदलावंच लागतं का, हा तुझा खरा प्रश्न. टायरनं जितकी ग्रिप वाढवली तितकी गाडी जास्त झुकणार, हे पक्कं. पण त्याले पहिलं उत्तर स्प्रिंग नाही, कॅम्बर आहे, म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा तिरपेपणा; डोकं आत झुकलं की उणे. स्विफ्टमध्ये देवाच्या दयेनं स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचा खांब) नकलले (चाक धरणाऱ्या तुकड्याले) दोन बोल्टनं धरलेला आहे. त्यातला वरचा काढून तिरक्या पोटाचा कॅम्बर बोल्ट टाकला की दीड अंशापर्यंत चाक आत झुकवता येतं. दोन्ही बाजूचे मिळून दोन-तीन हजारांचं काम. पण ऐक, हा बोल्ट मूळपेक्षा बारीक असतो. टॉर्क रेंचनंच आवळायचा, अन् वर रंगाच्या पेननं रेघ मारायची. रेघ तुटली म्हणजे बोल्ट सरकला.

आधी कॅम्बर, मग टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर ते. उलट केलं तर दोनदा पैसे, काहून की कॅम्बर हलला की टो हलतोच. टो पुढे शून्य. काही लोक किंचित बाहेर उघडा ठेवतात, वळणात गाडी पटकन आत शिरते, पण तुले अकराशे किलोमीटर हायवे मारायचा आहे, रात्री ट्रकच्या रांगेत गाडी कुत्र्यासारखी इकडेतिकडे हुंगत चालेल. अन् कोणत्याही दुकानात गेला तर स्क्रीनवर कॅम्बर लाल, म्हणजे कंपनीच्या मापाबाहेर, दिसेल. पोट्टे धावत येतील हिरवं करायले. करू देऊ नको.

बारचं. इंजिनिअर साहेब, तुमचं चूक नाही, पण अजून नाही. मागचा बार कडक केला की आतलं मागचं चाक हवेत जातं, ते चालते. पण नवीन माणूस वळणाच्या मध्यात घाबरून पाय उचलतो, अन् तेव्हा मागची बाजू पुढे येते. आधी त्याले पाय न उचलायचं शिकू द्या.

ताई म्हणते पहिल्या वर्षी ३०० चा टायर. मी पूर्ण सहमत नाही, पण भांडणार नाही. ब्रेक ऑइलचं मात्र लाख मोलाचं.

शनिवारी गाडी घेऊन ये, मोजून पाहू. मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नको.

वर्धारोड_९०

बरं, माझे शब्द मागे घेतो. मला पण शनिवारी यायचं आहे.

हिंगणा_स्विफ्ट

काकांकडे जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

मशीनवर डावा कॅम्बर उणे ०.३, उजवा उणे ०.५. इथपर्यंत ठीक. मग काकांनी मला गाडीत बसवून ब्रेक दाबून स्टेअरिंग हलवायला सांगितलं आणि स्वतः खाली टॉर्च घेऊन गेले. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश अर्धा फाटला होता. ब्रेक मारला की आर्म मागे सरकायचा, चाक बाहेर उघडायचं. म्हणजे ट्रॅकवर मी ज्याला अंडरस्टिअर समजत होतो त्यात थोडा वाटा या रबराचा होता. मला बाहेरून आवाजही आला नव्हता. स्प्रिंगवाल्या दुकानात गाडी दोन तास होती, तिथे कुणी चाक हलवूनही पाहिलं नव्हतं.

झालेलं काम: दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बुश, कॅम्बर बोल्ट, डॉट ४ ऑइल. आता डावा उणे १.८, उजवा उणे १.७, टो शून्य. टायर १९५/५५ आर १५, ताईंचं ऐकून ३०० च्या आसपासचा, चार महिन्यांचा ताजा. साठ हजारातले अजून उरले आहेत. गाडी उंचीला तेरा मिलिमीटर खाली आली, आईला कळलेलं नाही.

परवा पहाटे बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो. वेग नेहमीचाच, पण रॅम्पच्या वळणात स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी ताबडतोब ऐकते. आधी ती विचार करायची.

एक शंका राहिली. रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर उणे १.८ नं टायरची आतली कड खाल्ली जाणार नाही का?

खडूवाले_काका

खाल्ली जाईल, थोडी. पण टायर खाणारा खरा चोर टो असतो, कॅम्बर नाही. टो शून्य आहे तोवर चिंता करू नको. दर पाच हजाराला ये, पुढचे मागे करू. अन् एखाद्या मोठ्या खड्ड्यात आपटली तर आधी बोल्टवरची रेघ पाहा, मग मले फोन कर.

लाल_आय१०

मार्चचा ट्रॅक डे असेल तर सांग. माझ्या गाडीत एका टॉर्क रेंचची जागा आहे, पण चार चाकांची नाही.